पांघरूण घालावं, नाक झाकू नये

दुसाने सर वर्गात शिरले की फळ्याकडे जात नसत, आधी खिडक्यांकडे जायचे. एकेक कडी काढायची, तावदान पार भिंतीला टेकेपर्यंत लोटायचं, ते परत फिरू नये म्हणून कट्ट्यावरचा विटेचा तुकडा त्याला अडकवायचा. चारही खिडक्या अशा सताड उघडल्या की हात झटकत विचारायचं, "हं, कुठे होतो आपण?" विटेचे ते तुकडे त्यांनी कुठल्याशा बांधकामावरून स्वतः पिशवीत घालून आणले होते. झाडूवाल्या मावशींनी ते एकदा कचरा समजून टाकून दिले, तर सर दुसऱ्या दिवशी नवे घेऊन हजर.

आमचं कॉलेज गंगापूर रोडला, रसायनशास्त्र तिसऱ्या मजल्यावर. जानेवारीत धरणाकडून वारा सुटतो तो सरळ आमच्या कानात शिरायचा. मुलं स्वेटरवर स्वेटर चढवून, कानटोप्या ओढून बसलेली आणि हे अर्ध्या बाह्यांच्या शर्टात. आम्ही त्यांचं नाव 'हवामान खातं' ठेवलं होतं. जिन्यात त्यांच्या चपला वाजल्या की पुढच्या बाकावरच्या मुली वह्यांची पानं उडू नयेत म्हणून त्यांवर जेवणाचे डबे ठेवायच्या. हे नाव मीच शोधून काढलं होतं आणि तेव्हा मला त्याचं फार कौतुक वाटायचं. आता ते आठवलं तरी नकोसं होतं.

एकदा प्रयोगशाळेत मला अंगात कणकण होती. सरांचं लक्ष नाही असं बघून मी माझ्याजवळची खिडकी हळूच लावून घेतली. दोन मिनिटांत सर माझ्यामागे उभे. रागावले नाहीत. खिडकी उघडली, वीट लावली, आणि स्वतःच्या पिशवीतला मफलर काढून माझ्यापुढे ठेवला. "हा गुंडाळ. कान झाक, डोकं झाक. खिडकी नको झाकूस."

मुलांना नावाने हाक मारायची त्यांना सवय नव्हती, गावाने मारायचे. मी दिंडोरी. कुणी सटाणा, कुणी पेठ. ते स्वतः चांदवडचे, त्यामुळे चांदवडहून आलेल्या पोराला मात्र 'गाववाले' म्हणत आणि गाववाल्याला पेपरात नेमके सगळ्यात कमी मार्क देत.

एम.एस्सी. झाल्यावर मी त्यांच्याच हाताखाली पीएच.डी.ला राहिले. विषय सोन्याचा. आईने लगेच गल्लीत सांगून टाकलं की पोरगी सोन्यात काम करते. पुढे कधीतरी ती बघायला म्हणून कॉलेजात आली. सरांनी मोठ्या आदराने सोनार वापरतात तो गुलाबी कागद उलगडला. आत नखाएवढा तपकिरी तुकडा. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हे सोनं हाय? आपल्या बांधाची माती बरी याच्याहून." सर इतके हसले की त्यांना खुर्चीवर बसावं लागलं. "ताई, तुम्ही बरोबर ओळखलं. हे मातीच्या रंगाचं आहे तोवरच कामाचं."

सरांच्या वडिलांचं, अण्णांचं, चांदवडला सोनाराचं छोटं दुकान होतं. सोन्यातली भेसळ काढायची सोनारांची एक जुनी रीत आहे. सोन्यात आणखी चांदी मिसळायची, त्याचा कागदासारखा पत्रा ठोकायचा आणि तो तेजाबात सोडायचा. तेजाब चांदी खातं, सोन्याला हात लावत नाही. चांदी निघून गेली की तिची जागा मोकळी राहते. अनारशाला जाळी पडते तशी सोन्याला जाळी पडते, फक्त इतकी बारीक की डोळ्यांना दिसत नाही, नुसता रंग जाऊन मातकट होतो. अण्णा त्याला 'उपाशी सोनं' म्हणायचे. पोट रिकामं असतं त्याचं, जे जवळ येईल त्याला धरतं. सोनार या पायरीवर थांबत नाहीत, लगेच ताव देऊन वितळवतात आणि लखलखीत गोळी करतात. आमचे सर नेमके तिथे थांबले. आयुष्यभर.

कारण हे उपाशी सोनं एक विषारी वायू खातं. कार्बन मोनॉक्साइड. कोळसा किंवा गॅस कोंडलेल्या जागेत अर्धवट जळला की तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. या मातकट तुकड्यावरून तो नेला की हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून त्याचा साधा कर्बवायू, आपण श्वासातून सोडतो तो, होतो, तोही विशेष तापवावं न लागता. पिवळ्या सोन्याला हे जमत नाही, जाळी पडलेल्यालाच जमतं.

पत्रा सर स्वतः ठोकायचे. टेबलाशी नाही, जमिनीवर मांडी घालून, पुढ्यात अण्णांची ऐरण. त्या वेळी त्यांचे गाल आपोआप फुगायचे. लहानपणी फुंकणीने जाळ फुंकल्याची ती सवय. काम झालं की बारीक कुंचल्याने फरशी झाडून कचरा कागदात बांधून ठेवायचे, आणि त्या पुड्यांवरून आमच्या विभागप्रमुखांनी एकदा "ही कसली धूळ जमा करता?" म्हटल्यावर, "आमच्यात धूळ टाकत नाहीत," एवढंच बोलले.

अडचण एकच होती. हा तुकडा तापला की मरायचा. पहिल्यांदा आम्ही तो छोट्या भट्टीत तासभर ठेवला तो दिवस मला लख्ख आठवतो. बाहेर काढला तर सुंदर पिवळाधमक. आम्ही तिघं-चौघं विद्यार्थी खुशीत येऊन एकमेकांना दाखवायला लागलो. सरांनी चिमट्याने तो उचलला, उजेडात धरला.

"छान दिसतंय ना?"

"हो सर."

"गेलं ते. जाळी बुजली."

उष्णतेने सोन्याचे बारीक तंतू एकमेकांत मिसळून जाड होतात, भोकं मोजकीच उरतात. चकाकी आली म्हणजे भूक संपली. मी म्हटलं, "सर, मग थंड ठिकाणीच वापरू की." ते म्हणाले, "हा वायू जिथे असतो तिथे जाळ असतोच, दिंडोरी. जाळाजवळ टिकणार नसेल तर याचा उपयोग काय?"

उपाय पुस्तकात होता. सोन्याच्या तंतूंवर एखाद्या धातूच्या ऑक्साइडचा पातळ थर द्यायचा म्हणजे सोनं जागेवरून हलत नाही. आम्ही टायटॅनियमचं घेतलं, भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतं ते. मोठ्या संस्थांत असे थर द्यायला यंत्रं असतात. आमच्याकडे काचेचा पेला आणि चिमटा. पहिल्याच दिवशी सरांनी फळ्यावर लिहिलं: पांघरूण घालावं, नाक झाकू नये. पोरासोरांना झोपवताना घरात म्हणतात ना, तसं. ते वाक्य तीन वर्षं तिथेच होतं, फळा पुसताना आम्ही तेवढी जागा सोडायचो.

आणि तरी नाक झाकलं गेलंच. तेही सरांच्या हातून. त्यांचा हात विलक्षण नेटका. द्रावण घट्ट केलं, तुकडा बुडवला, वाळवला, कुठे एक कण उघडा राहिला नाही. भट्टीतून काढला तर मातकटच होता, टिकला होता. मी आनंदाने काचेच्या बंद कपाटात वायू मोजायचं मीटर जोडलं. वायू सोडण्याचं काम सर आम्हाला कधीच करू देत नसत, आम्हाला दाराबाहेर उभं करून ते एकटे आत थांबायचे. त्या दिवशी मी दारातून बघत होते. मीटरवरचा आकडा जागचा हलला नाही. सोनं जिवंत होतं, पण त्याच्यापर्यंत काही पोचतच नव्हतं. थराने सगळी जाळी लिंपून टाकली होती.

सर कितीतरी वेळ त्या आकड्यासमोर उभे होते. मग वायू बंद केला, बाहेर आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "परत तेच केलं मी."

त्यानंतर दोन दिवस ते कॉलेजात आलेच नाहीत. फोन उचलेनात. तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. फ्लॅट कॉलेजपासून दहा मिनिटांवर. काकूंनी दार उघडलं. सर दूध आणायला गेले होते. मी हात धुवायला बाथरूममध्ये गेले आणि थबकले. तिथल्या खिडकीला काच नव्हती, चौकटही नव्हती. भिंतीत नुसता चौकोन, त्याला बाहेरून जाळी. आत थंडगार. अंघोळीचं पाणी स्वयंपाकघरात गॅसवर पातेल्यात तापत होतं.

मी बाहेर आले तर काकू दारातच उभ्या होत्या. "तुला कुणी सांगितलं नाही ना?" त्या म्हणाल्या. "बस. हे यायच्या आत सांगते."

त्यांना एक मुलगी होती, ऋतुजा. बारावीत.

"त्या दिवशी तिची केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल होती," काकू सांगू लागल्या. "सर्दीने नुसतं नाक गळत होतं. खिडकीतून वारा यायचा तर म्हणाली, पप्पा, अंघोळीला जावंसंच वाटत नाही. ह्यांनी आदल्या संध्याकाळी पुठ्ठा कापला, खिडकीच्या मापाचा, अगदी बरोब्बर. चारी कडांनी चिकटपट्टी मारली. अण्णांच्या दुकानात असंच असायचं, खिडक्यांना कागद. वाऱ्याने दिव्याची ज्योत हलली तर डाग, दागिन्याचा सांधा, बिघडतो म्हणून. ह्यांचं लहानपण त्यातच गेलं. आणि आमचा गिझर गॅसचा होता, आतच लावलेला."

काकू ओट्याकडे बघत बोलत होत्या. "समाचाराला आलेले सगळे म्हणायचे, गिझरच खराब होता. हे मान हलवायचे. पण मला माहीत आहे ना. दुसऱ्या कुणी तो पुठ्ठा लावला असता तर कुठेतरी फट राहिली असती. माझ्या हातचा असता तर दोन ठिकाणी सुटला असता. ह्यांचा हात पडला सोनाराचा."

तेवढ्यात सर आले. मला बघून त्यांनी दुधाची पिशवी काकूंकडे दिली आणि नेहमीसारखी हॉलची खिडकी आणखी थोडी लोटली. ती आधीच उघडी होती. माझा चेहरा बघून त्यांना कळलं असणार. मला 'हवामान खातं' हे मी ठेवलेलं नाव आठवलं.

"सर," मी एवढंच म्हटलं, "आमच्याकडे छाटणी होऊन फवारण्या चालू झाल्यात. वडील बोलावतायत तुम्हाला मळ्यावर."

वडिलांनी कुणालाही बोलावलं नव्हतं. पण सर आले. दिंडोरीला आमची द्राक्षाची बाग. वडील ट्रॅक्टरच्या ब्लोअरने औषध मारत होते आणि सर बांधावर उभे राहून बघत होते. औषधाची नुसती धुई निघत होती, पानावर थेंब दिसत नव्हता. ट्रॅक्टर थांबल्यावर सरांनी विचारलं, "एवढं पातळ का मारता? एकदाच चांगलं भिजवून टाकलं तर?"

वडिलांना ते कोण, कशाला आले, काही नीट माहीत नव्हतं. ते फडक्याला हात पुसत म्हणाले, "सर, औषध दिसलं नाय पाहिजे, लागलं पाहिजे. भिजवलं का पान गुदमरतं. त्याला बी श्वास हाय ना? धुई मारायची, वाळू द्यायची, परत धुई."

"किती वेळा?"

"ते पान सांगतं. आपण लय शहाणपणा नाय करायचा."

सोनारानेच कान टोचावे म्हणतात. इथे सोनाराचे कान द्राक्षवाल्याने टोचले. सर आमच्या ओट्यावर बसून बाजरीची भाकरी आणि ठेचा जेवले, आईने आग्रह करून आणखी अर्धी वाढली ती खाल्ली, आणि जाताना वडिलांचे दोन्ही हात हातात घेऊन नुसते उभे राहिले. वडील अवघडून म्हणाले, "अहो सर, असू द्या."

पुढचे सात महिने आम्ही धुई मारली. द्रावण इतकं पातळ की पाण्यासारखं दिसायचं. तुकडा बुडवायचा, वाळवायचा, पुन्हा बुडवायचा. सर आता मुद्दाम डाव्या हाताने काम करायचे. मी कारण विचारलं तर म्हणाले, "उजवा फार शिकलेला आहे." कितीतरी तुकडे पिवळे होऊन गेले, कितीतरी लिंपले गेले. प्रत्येक गेलेला तुकडा ते गुलाबी कागदात घालून ठेवायचे.

एका दुपारी भट्टीतून एक तुकडा निघाला तो मातकट. सरांनी मला बाहेर पाठवलं, खिडक्यांच्या विटा तपासल्या आणि वायू सोडला. दारातून मला मीटर दिसत होतं. आकडा उतरायला लागला. उतरत उतरत शून्याशी आला आणि तिथे थांबला. सरांनी तुकडा पुन्हा तासभर तापवला, पुन्हा वायू सोडला. पुन्हा शून्य. मग ते फरशीवर, ऐरणीशेजारी, मांडी घालून बसले. गाल फुगलेले होते. रडू आवरायलाही त्यांना तीच सवय उपयोगी पडत होती.

मी धावत आत गेले. डोक्यात एकच घोळत होतं. "सर, आता हे प्रत्येक गिझरवर बसवता येईल."

त्यांनी मान हलवली. "नखाएवढ्या तुकड्याने न्हाणीघरभर वायू पुसला जात नाही, दिंडोरी. परातभर लागेल हे. तेवढं सोनं लावण्यापेक्षा माणसाने बोटभर फट ठेवली तरी पुरतं."

"मग इतकी वर्षं, सर?"

वाऱ्याने टेबलावरचे गुलाबी कागद उडत होते, मी ते गोळा करत होते.

"मला फट ठेवायला शिकायचं होतं," सर म्हणाले.

माझा प्रबंध त्या तुकड्यावर झाला, पुढे नोकरीही लागली. सर निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी त्यांनी तो तुकडा मागून घेतला. काकूंनी नंतर फोनवर सांगितलं की त्यांनी चांदीच्या तारेचं कोंदण केलं, त्यात तो बसवला आणि बाथरूमच्या त्या जाळीवर डकवला. तिथे त्याचा काडीचा उपयोग नव्हता, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? तरी रोज सकाळी आधी आत जाऊन रंग बघायचे, मग चहा. पिवळा पडला नाही याची खात्री करून घ्यायचे. ऋतुजाचं नाव ते घेत नसत. "आहे तसाच आहे," एवढं काकूंना येऊन सांगायचे.

मग एका पावसाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, तो शिकलेला हातही गेला. जानेवारीत मी भेटायला गेले तेव्हा ते हॉलमध्ये खिडकीजवळच्या पलंगावर होते. खिडकी उघडी, वीट जागेवर. मला ओळखलं. तोंड वाकडं झालं होतं, शब्द ओढून काढावे लागत होते.

"दिंडोरी. रंग बघून ये."

मी बाथरूममध्ये गेले. जाळी होती, नवी, हिरव्या प्लास्टिकची. तिच्यावर काही नव्हतं. मी वर, खाली, कोपऱ्यात बघितलं. काकू मागे आल्या आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "दिवाळीआधी रंगारी आले होते. जुनी जाळी गंजलेली म्हणून त्यांनी काढून भंगारात दिली. कोंदणासकट. त्यांना काय माहीत, मातीचं ढेकूळ वाटलं असेल. मला संध्याकाळी कळलं." त्यांनी पदर तोंडाशी धरला. "हे रोज विचारतात. मी रोज आत येते, इथे उभी राहते, आणि जाऊन सांगते, आहे तसाच आहे."

तीन महिने ती बाई रोज सकाळी तिथे उभी राहत होती. मी तिचा हात धरला. दुसरं काय करणार होते?

बाहेर आले. सर माझ्याकडेच बघत होते.

"आहे तसाच आहे, सर. मातीचा."

त्यांनी नजर काढली नाही. सोनाराच्या मुलासमोर माझं पितळ उघडं पडलं असणार, मला ते जाणवत होतं. मी खाली बघितलं.

"तिथून," ते म्हणाले, आणि पुढचा शब्द येईपर्यंत थांबले, "हवा येते ना?"

"येते, सर. चांगली गार येते."

"मग झालं."

त्यांनी डोळे मिटले. काकू पुढे झाल्या आणि गारठा लागू नये म्हणून त्यांनी गोधडी वर ओढली, हनुवटीच्याही वर. सरांचा डावा हात हळूहळू आतून बाहेर आला. त्याने चाचपडत गोधडीची कड धरली आणि नाकापासून बोटभर खाली घेतली. मी सरांना पाहिलं ते शेवटचं. पुढच्या आठवड्यात ते गेले.